टाकीवरचा बर्फ राहू द्या

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा कौतुकाने म्हणाले, "सेप्टिक टाकीवरचा सगळा बर्फ काढून जागा लख्ख केली," आणि माझ्या पोटात गोळा आला. बाबा, तिथला बर्फ काढू नका. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते, त्यामुळे तो टाकीवर गोधडीसारखा पडून राहतो आणि खालची ऊब खालीच राहते. तो काढला की गारठा सरळ पाइपापर्यंत पोचतो. तुडवून दाबला तरी तेच. म्हणून टाकीवरून आणि पाणी झिरपतं त्या चरांवरून चालू नका, गाडी तर मुळीच नेऊ नका. आता उघड्या पडलेल्या जागेवर वीस-तीस सेंटीमीटर कोरडा पेंढा सैलसर पसरा. स्वतः वाकून नको, कुणाला तरी सांगा.

आई, तुझ्या बाथरूममधला नळ अजून ठिबकतोय ना? तू त्याच्याखाली बादली ठेवतेस, पण ती भरून वाहू लागली की पाणी थेंबथेंब पाइपातच जातं. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे हेच झालं होतं, तुम्हाला काळजी नको म्हणून बोलले नाही. फ्लशची टाकी बारीक गळत होती. एका सकाळी कमोडमधलं पाणी खाली जाईना, वर वर येऊ लागलं. माणसाने पाइप उघडला तर आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे बर्फाचे थर चढलेले, मधे पेन्सिल जाईल एवढंच भोक. बादलीभर पाणी एकदम गेलं तर थंड व्हायच्या आत टाकीत पोचतं. बारीक धार वाटेतच गार होते आणि तिथेच गोठते. तेव्हा नळाचा वायसर या आठवड्यातच बदलून घ्या.

आणखी एक, आणि हे तुम्हाला पटायला जड जाईल. घरात तुम्ही दोघंच, त्यात पाणी जपून वापरायची आयुष्यभराची सवय. पण टाकीला ऊब मिळते ती तुमच्या वापरलेल्या गरम पाण्यातून, आणि मैला कुजवणाऱ्या जंतूंच्या कामातूनही थोडी. थंडीत रोज थोडं गरम पाणी जाऊ द्या. कपडे एकाच दिवशी न धुता आठवडाभर वाटून, कोमट पाण्यात धुवा. मात्र गोठू नये म्हणून नळ सतत सोडून ठेवू नका, चरांना तेवढं पाणी झेपत नाही. माझ्याकडे राहायला याल तेव्हा शेजाऱ्यांना अधूनमधून येऊन गरम पाणी सोडायला सांगा.

तरीही तुंबलंच, तर मीठ किंवा गाडीतलं अँटीफ्रीझ ओतू नका, वर शेकोटी पेटवू नका. आणि बाबा, झाकण उघडून आत डोकावू नका. आतला वायू विषारी असतो, माणूस जागीच कोसळतो. गरम पाण्याच्या किंवा वाफेच्या यंत्राने पाइप मोकळा करणाऱ्यांना बोलवा आणि लगेच मला फोन करा, मध्यरात्र असली तरी.

रविवारी फोन करते. नळाचं काय झालं ते तेव्हा सांगा.

तुमची लेक