मेजर ठरला नसेल, तर एफवाय जपून निवडा

संपादक महोदय,

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच तगादा सुरू होतो : 'मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कोणता घेणार?' अठराव्या वर्षी याचं उत्तर नसणं हा काही दोष नाही. मुंबई विद्यापीठाची जुनी रचना हेच गृहीत धरायची. एफवायला (पहिल्या वर्षाला) तीन विषय, एसवायला (दुसऱ्या) दोन, आणि टीवायला (तिसऱ्या) एकाच विषयाचे सहा पेपर किंवा दोन विषयांचे तीन-तीन.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेतही सोय आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार दुसऱ्या सत्राअखेर मेजर बदलून मागता येतो आणि त्यासाठी संस्थेला मंजूर जागांवर १० टक्के जादा जागा देता येतात. म्हणजे ६०च्या तुकडीत जादा जागा फक्त सहा! प्राधान्य कोणाला? सीजीपीए (सरासरी गुणांक) जास्त असलेल्याला, आणि तेही पहिल्या वर्षात काहीच राहिलेलं नसेल तर. 'अजून ठरलं नाही, एफवाय असंच जाऊ दे' हा सल्ला म्हणूनच घातक आहे. ज्याचं ठरलेलं नाही, त्याला एकही केटी (नापास राहिलेला विषय) परवडत नाही.

दुसरी चूक विषय निवडतानाच होते. मुलं सोपे पडतील ते विषय घेतात. खरं तर मागाहून भरून काढता येणार नाहीत, ते आधी घ्यायला हवेत. गणित सुटलं की संख्याशास्त्राची वाट बंद होते आणि पुढचं अर्थशास्त्रही जड जातं. गणिताकडून अर्थशास्त्राकडे वळणं त्या मानानं सोपं. प्रयोगाच्या विषयांचा हिशेब वेगळाच. अभ्यास क्रेडिटांत मोजतात : लेक्चरचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. दोन क्रेडिटांची प्रॅक्टिकल्स हुकली तर प्रयोगशाळेतले ६० तास गेले. ते घरी बसून वाचून भरून निघत नाहीत.

बीएमएस, बीएससी आयटी यांसारख्या अभ्यासक्रमांत दिशा प्रवेशाच्या दिवशीच ठरते. त्यामुळे मन दोलायमान असलेल्यांनी साधं बीए किंवा बीएससी घ्यावं. त्याला कमी लेखणं पालकांनी सोडावं, हे मला कळकळीनं सांगायचं आहे.

अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात. हा विषय इथे टीवायपर्यंत चालतो का? गेल्या वर्षी टीवायला त्याची तुकडी भरली होती का? एखादा विषय एफवाय-एसवायपर्यंतच शिकवला जातो आणि मुलांना ते ऐनवेळी कळतं. मग एक तर कॉलेज बदला, नाही तर नको असलेला मेजर घ्या.

मन दोनच विषयांत अडकलं असेल, तर एक मेजर आणि दुसरा मायनर (दुय्यम विषय) करावा. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या किमान १२० क्रेडिटांपैकी मेजरला ६० आणि मायनरला २४ आहेत, म्हणजे मायनर हा नावापुरता विषय नाही. मिळवलेली क्रेडिटं जिथे ऑनलाइन साठतात, त्या क्रेडिट बँकेचं खातं मात्र पहिल्याच सत्रात उघडून ती जमा झाली का, ते तपासावं.

महाविद्यालयांकडे एक मागणी आहे. कोणत्या विषयातून कोणत्या मेजरकडे जाता येईल, त्याला पूर्वअट काय, गेल्या वर्षी किती अर्ज आले आणि किती मान्य झाले, यंदाची शेवटची तारीख कोणती, हा एका पानाचा तक्ता त्यांनी प्रवेश अर्जासोबतच द्यावा. आज ही माहिती मिळते ती दुसरं सत्र संपता संपता, तीही नोटीस बोर्डावर.

– एक वाचक, दादर, मुंबई