आमच्या कोयत्याची रील आणि ठाण्याची रील

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सा. न. वि. वि.

परवा माझ्या धाकट्या भावाचा जामीन फेटाळला. यात्रेतल्या मारामारीत त्याचं नाव आहे. त्यानं काय केलं, काय नाही, ते खटल्यात ठरेल. पण सरकारी वकिलांनी पुढे केली ती दोन वर्षांपूर्वीची रील. हातात कोयता, मागे डायलॉग. म्हणे गुंड प्रवृत्ती.

साहेब, आम्ही बीडकडचे ऊसतोड मजूर. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. वडील गेल्यापासून आई आणि तो मिळून एक कोयता. ती रील फडावरची, मोळ्या बांधून झाल्यावरची. मागे ऊस आहे, तो दोषारोपपत्राच्या काळ्या झेरॉक्समध्ये दिसत नाही.

मोबाइल-कॉम्प्युटरवरचा पुरावा खरा आहे असं लिहून देणारं प्रमाणपत्र लागतं, तेही त्या झेरॉक्सला नाही. आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयानं 14 जुलै 2020 ला ते सक्तीचं ठरवलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्येही ते आहेच, शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. वकील म्हणतात, हा मुद्दा खटल्यात घेऊ. खटला उभा राहीपर्यंत आत कोण बसणार?

आणि अटकेच्या दिवशी पोलीस ठाण्याच्या पेजवर काय टाकलं? उघडा चेहरा, खाली घातलेली मान, वर गाणं. आठवड्यानं ओळख परेड झाली, साक्षीदारानं बोट दाखवलं. गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरलेला चेहरा कोण ओळखणार नाही? पोलिसांनी माध्यमांना काय सांगावं याची नियमावली 3 महिन्यांत करा, असं सर्वोच्च न्यायालयानं केंद्राच्या गृहखात्याला 13 सप्टेंबर 2023 ला सांगितलं होतं. आमच्या ठाण्यापर्यंत त्यातलं काहीच आलेलं नाही.

घाबरून मी ती रील उडवायला निघाले होते. वकिलांनी थांबवलं, पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा लागेल म्हणाले. त्याच्या मित्रांनी 'भाऊ येतोय, हिशेब होणार' असं स्टेटस ठेवलं. तो तुरुंगात, हातात फोन नाही, तरी साक्षीदारांना धमकी म्हणून तेही त्याच्याच माथी. मी दारोदार हात जोडून पोरांची स्टेटस काढायला लावली. तलवारीनं केक कापणाऱ्यांचे फ्लेक्स मात्र आमच्या चौकात अजून आहेत. कायदा फक्त फडावरच्या पोरांनाच का दिसतो?

ठाण्यानं टाकलेला तो व्हिडिओ आधी काढायला लावा. ओळख परेड बाकी असलेल्या कुणाचाही चेहरा पोलिसांनी दाखवू नये, असा लेखी आदेश काढा. प्रमाणपत्राशिवायचा स्क्रीनशॉट दोषारोपपत्रात लावू देऊ नका.

ऊसतोडीची टोळी दसऱ्यानंतर निघेल. मुकादम आईला अर्ध्या कोयत्याची उचल देतोय.

एका कच्च्या कैद्याची बहीण