पेशंट एका खात्यात, खीर दुसऱ्या खात्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाप्रसादातून किंवा लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली की आपल्याकडे येणाऱ्या बातमीचे शेवटचे वाक्य ठरलेले असते. ‘सर्वांची प्रकृती स्थिर असून अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत.’ कोल्हापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मी ३१ वर्षे आरोग्य खात्यात काढली. आधी उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, शेवटची काही वर्षे आरोग्य सहाय्यिका. त्या नमुन्यांचे पुढे काय झाले, हे सांगणारी बातमी मला फार क्वचित वाचायला मिळाली. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. लग्नसराई आणि गावोगावची म्हाई, म्हणजे गावदेवीची जत्रा-जेवणे, चालू असताना ते लिहिलेले बरे, म्हणून आज बसले आहे.

करवीर तालुक्यातल्या एका गावातला प्रसंग सांगते. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पारायणाची समाप्ती होती. दुपारी गावजेवण झाले: भात, आमटी, वांग्याची भाजी आणि खपली गव्हाची खीर. आपल्याकडची खीर कशी असते ते वाचकांना ठाऊक आहे. गहू सडून रात्रभर शिजवायचा, गूळ, सुंठ, वेलदोडे, खसखस, ओले खोबरे घालायचे आणि वाढताना वरून दूध. दिवेलागणीच्या आत पहिले पोर आले. आईच्या खांद्यावर मान टाकलेले, ओठ सुकलेले. “नर्सबाई, बघा की ओ, पाणीसुदिक ठरंना,” म्हणत ती माउली दारातच बसली. रात्री नऊपर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्रात साठ-सत्तर जण झाले. कॉट संपल्या, मग सतरंज्या. सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना सुतळीने बांधल्या. अशक्त झालेल्या दोन म्हाताऱ्यांना सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, पाठवले. देवाच्या कृपेने सगळे वाचले.

त्या रात्री डॉक्टरांनी एक काम फार चांगले केले. प्रत्येक केसपेपरच्या मागे त्यांनी आम्हाला दोन गोष्टी लिहायला लावल्या: काय काय खाल्ले आणि किती वाजता त्रास सुरू झाला. एरवी केसपेपरवर ‘उलट्या, जुलाब’ एवढेच असते. पहाटे आम्ही ते कागद जमिनीवर मांडले, तेव्हा चित्र स्वच्छ होते. बहुतेकांना जेवणानंतर तीन-चार तासांत उलट्या झाल्या होत्या. आजारी पडलेल्या प्रत्येकाने दूध घातलेली खीर खाल्ली होती. मग ज्यांना काहीच झाले नव्हते त्यांच्याकडे आम्ही चौकशी केली. एका आजींना मधुमेह होता. त्यांनी भात, आमटी, भाजी सगळे पोटभर खाल्ले होते, फक्त खिरीला हात लावला नव्हता. त्या ठणठणीत होत्या.

दूध आदल्या रात्री घरोघरून गोळा करून तापवले होते, मोठ्या पातेल्यात झाकून ठेवले होते आणि सकाळी पुन्हा तापवले होते. उकळले म्हणजे निर्धोक झाले, असे आपण सगळे मानतो. पण स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू, जो हातावरच्या पिकलेल्या फोडात आणि आपल्या नाकातही असतो, तो कोमट दुधात रात्रभर वाढला की विष तयार करतो. पुन्हा उकळल्यावर जंतू मरतो, विष तसेच राहते. उलट्याही खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत सुरू होतात. म्हणून शिजवलेले अन्न एक तर ६० अंशांच्या वर गरम ठेवावे, नाही तर ५ अंशांच्या खाली थंड. मधले सगळे तापमान जंतूंच्या सोयीचे. आमचा अंदाज दुधावर होता. पण तो अंदाजच होता. सिद्ध करायला दूध हवे होते, खीर हवी होती.

अन्न सुरक्षा अधिकारी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या पुढे आले. त्यांना दोष देत नाही. त्यांना निरोपच उशिरा मिळाला होता. तोवर गावातल्या बायकांनी राख आणि काथ्या घेऊन सगळी भांडी आरशासारखी घासून पालथी घातली होती आणि उरलेली खीर उकिरड्यावर गेली होती. त्यात लपवाछपवी नव्हती. देवाच्या नावाने केलेल्या जेवणात असे झाले याची लाज होती आणि कुणी पोर चुकून पुन्हा खाईल ही काळजी होती. अधिकाऱ्यांनी पोत्यातला गहू, ढेपेतला गूळ आणि तेल यांचे नमुने घेतले. जे खाऊन माणसे आजारी पडली, त्याचा कणही त्यात नव्हता.

आम्ही विहिरीच्या पाण्याचा नमुना पाठवला होता. त्याचा अहवाल ग्रामपंचायतीला आला, पाणी पिण्यायोग्य होते. अन्नाचा अहवाल गावाला कधीच कळला नाही. मग गावाने स्वतःच निकाल लावला आणि आचाऱ्याला दोषी ठरवले. पुढची दोन-अडीच वर्षे त्या माणसाला आसपासच्या गावांत कोणी कामाला बोलावले नाही. त्याने शिजवलेल्या भाताने, आमटीने कोणाला काही झाले नव्हते आणि दूध त्याने आणलेही नव्हते. त्याची बायको एकदा उपकेंद्रावर आली आणि म्हणाली, “बाई, तेवढं कागदावर लिहून द्या की ह्यांची चूक न्हवती.” मी काय लिहून देणार? माझ्याकडे कागदच नव्हता.

असे का होते? प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, सीपीआर वैद्यकीय शिक्षण खात्याचे, शहरातले दवाखाने महापालिकेचे, आणि अन्न हा विषय अन्न व औषध प्रशासनाचा. आजारी माणूस यांपैकी कुठेही जाईल, त्याने खाल्लेले अन्न मात्र चौथ्याच्या अखत्यारीत. आम्ही रुग्णांचे आकडे एकात्मिक रोग सर्वेक्षणाच्या फॉर्मवर भरून तालुक्याला, तालुका जिल्ह्याला, असे वर पाठवत होतो. आता ते ऑनलाइन भरतात. पण माहिती वर जाते, शेजारच्या खात्यात आपोआप जात नाही. ती कोणाच्या तरी ओळखीने, फोनाफोनीने जाते, आणि अन्नाच्या बाबतीत त्या चार-सहा तासांतच सगळा खेळ संपतो.

याची सोय कायद्यात आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा, तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि १९५४ चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा गेला. नव्या कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे केंद्राचे अन्न प्राधिकरण अधिसूचना काढून एखाद्या भागातल्या नोंदणीकृत डॉक्टरांना, त्यांच्याकडे आलेल्या अन्न विषबाधेच्या प्रत्येक घटनेची माहिती ठरलेल्या अधिकाऱ्याला देणे बंधनकारक करू शकते. कायदा आल्यानंतरच्या माझ्या नोकरीत असा कागद माझ्या टेबलावर कधी आला नाही. खासगी दवाखान्यांचे तर विचारूच नका. तिथे सलाइन लागते, बिल होते, पेशंट घरी जातो. याच कायद्यात कलम ६५ आहे. अन्नामुळे मृत्यू झाला तर किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेला १ लाखापर्यंत भरपाई. पण पातेले घासून पालथे घातल्यावर भरपाई कशाच्या जोरावर मागायची?

पाण्याच्या बाबतीत आपण बरेच पुढे आलो आहोत, हे मी अभिमानाने सांगते, कारण ते काम आम्ही पायी फिरून केले आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावातल्या पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळालेला सरपंच मान खाली घालून बसतो, ग्रामसभेत बायका त्याला जाब विचारतात आणि महिन्याभरात विहिरीचा कठडा बांधून होतो. इचलकरंजीत २०१२ साली काविळीच्या साथीने माणसे दगावली, तेव्हापासून टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) आणि ओ.टी. टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहणारी चाचणी) हे शब्द शाळेतल्या पोरांनाही कळतात. पाण्याचा निकाल लोकांच्या डोळ्यांसमोर टांगला जातो, म्हणून धाक राहतो. अन्नाचा निकाल फायलीत राहतो.

कायदा म्हणतो की नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अन्न विश्लेषकाने अहवाल द्यावा. तो अहवाल अंतिम झाला की ज्या गावात, ज्या पेठेत लोक आजारी पडले तिथे लावायला काय हरकत आहे? यात प्रामाणिक माणसाचेही भले आहे. आपल्या गुळाचेच पाहा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रसातली मळी काढायला भेंडीचे पाणी वापरणारे गुऱ्हाळमालक आजही आहेत, पण त्यांचा गूळ तांबूस दिसतो. हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी गंधकयुक्त रासायनिक पावडर, मारलेला गूळ पिवळाधमक दिसतो आणि सौद्यात भाव खातो. गुळात सल्फर डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमच्या वर असू नये, असा नियम आहे. कोणाच्या गुळात किती निघाला हे लोकांना कळले, तर तांबूस गुळाला आपोआप चार पैसे जास्त मिळतील. दिवाळीत खव्यावर धाडी पडतात, फोटो येतात, ते चांगलेच आहे. पण तपासणी झाली एवढेच लोकांना कळते. निकालही कळायला हवा.

एक माहिती वाचकांसाठी. कलम ४० प्रमाणे तुम्ही-आम्ही कोणीही विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते आणि दोष निघाला तर फी परत मिळते. माझ्या ओळखीत हे माहीत असलेला एकही माणूस मला भेटलेला नाही, सुशिक्षितांतही नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अन्न सुरक्षेची सल्लागार समिती असते. तिच्यापुढे माझे मागणे मोठे नाही. कलम ३५ ची अधिसूचना कोल्हापूर जिल्ह्यासाठी काढावी म्हणून शासनाकडे प्रस्ताव पाठवा आणि त्यात खासगी डॉक्टरही येऊ द्या. रात्री फोन उचलणाऱ्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवा. बारा तालुक्यांना या अधिकाऱ्यांची पदे किती मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत, ते जाहीर करा. दोन-तीन माणसांनी चंदगडपासून शाहूवाडीपर्यंत धावायचे असेल, तर नियम कितीही चांगले असले तरी पातेले त्यांच्याआधी धुतले जाणारच. आणि अधिकारी पोचेपर्यंत उरलेले अन्न सील करून थंड ठेवण्याचे अधिकार आणि प्रशिक्षण आरोग्य केंद्राला द्या. त्यासाठी वेगळा छोटा फ्रिज लागेल. लसींच्या फ्रिजमध्ये दुसरे काही ठेवू नये, हा आमचा कडक नियम आहे आणि तो कोणी मोडू नये.

धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांनीही नोंदणी करावी, असे नियमांत आहे. किती मंडळांना हे माहीत आहे? त्यांना नोटिसा पाठवून घाबरवू नका. गणेशोत्सवाच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी आचाऱ्यांना आणि मंडळाच्या पोरांना बोलावून अर्धा दिवस समजावून सांगा. आचारी ऐकतात. त्यांना आपल्या नावाची काळजी असते.

निवृत्तीनंतर मी शहरात राहायला आले. आमच्या गल्लीतल्या मंडळाला मी गेल्या वर्षी एक सवय लावली. महाप्रसादातल्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी, वाढायला सुरुवात होताना, गरम पाण्याने धुतलेल्या स्टीलच्या डब्यात काढायची, झाकण लावून वर तारीख-वेळेची चिठ्ठी चिकटवायची आणि दोन दिवस खजिनदाराच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची. कोणाला काही झाले नाही, तर तिसऱ्या दिवशी डबे रिकामे करायचे. पोरांनी हौसेने केले, चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या. त्यातल्या एकाने मला विचारले, “काकू, रात्री कोणाला त्रास झालाच, तर हा डबा कोणाकडे न्यायचा?” ३१ वर्षे या खात्यात काढूनही मला त्याला एक पत्ता आणि एक फोन नंबर खात्रीने देता आला नाही. तो अन्न व औषध प्रशासनाने आणि जिल्हा आरोग्य विभागाने मिळून, येत्या गणेशोत्सवाच्या आत, आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावा.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका, कोल्हापूर