कोकमाचे कलम विकताना नर की मादी, ते लिहून द्या

महोदय,

पाऊस दहा-पंधरा दिवसांवर आला आहे. मृगाच्या सरी पडू लागल्या की कोकणातच नव्हे, तर घाटावरचेही कितीतरी लोक परसात लावायला म्हणून रोपवाटिकेतून आंबा, फणस, चिकू यांच्याबरोबर कोकमाची एक-दोन रोपे घेऊन जातात. आंब्याच्या कलमावर जात लिहिलेली असते, चिकूच्या कलमावरही असते. कोकमाच्या पिशवीवर मात्र बहुतेक ठिकाणी नुसते 'कोकम' एवढेच लिहिलेले असते आणि नेमकी तेथेच घेणाऱ्याची फसगत होते. कोकमाच्या प्रत्येक रोपावर ते नर आहे, मादी आहे की बियांपासून केलेले म्हणून अनिश्चित आहे, हे लिहून देणे बंधनकारक करावे, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

कोकमात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण निम्मी रोपे नर निघतात आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, पानाफांद्यांवरून त्यांतले कोणते काय हे ओळखता येत नाही. मी २००४ साली घरामागच्या उतारावर अशी सहा रोपे लावली होती. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात विहिरीवरून कळशीने पाणी आणून घातले, गुरांपासून राखण्यासाठी काट्यांचे कुंपण केले, दर पावसाळ्यात बुंध्याशी कुजलेला पालापाचोळा घातला. आठव्या वर्षी थंडीत झाडे फुलली, तेव्हा सहांपैकी चार झाडांवर फुलांचे भरगच्च झुबके होते आणि आम्हाला फार आनंद झाला. महिन्याभरात ते सगळे झुबके गळून पडले. ज्या दोन झाडांवर फुले तुरळक होती, त्यांनाच फळ धरले. परागीकरणासाठी आसपास एखादे नर झाड लागतेच, त्यामुळे एका नराबद्दल माझी तक्रार नाही. उरलेल्या तीन झाडांवर घातलेले पाणी, अडवलेली जागा आणि गेलेली आठ वर्षे मात्र भरून येत नाहीत.

यावर उपाय ठाऊक नाही असेही नाही. भरपूर फळ देणाऱ्या मादी झाडाची काडी घेऊन मृदुकाष्ठ (म्हणजे रोपाच्या कोवळ्या फुटीवरचे) कलम बांधले, तर ते कलम मादीच होते आणि पाचव्या-सहाव्या वर्षी फळ देऊ लागते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली 'कोकण अमृता' ही जात दिली, तिची फळे बहुतांशी पावसाआधी हाती लागतात. 'कोकण हातीस' ही मोठ्या फळाची जातही याच विद्यापीठाची आहे. पण कलमातही एक गोष्ट सांगितली जात नाही. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची असेल तर झाड उभे वाढते. आडव्या फांदीची असेल तर कलम आडवेच पसरत राहते आणि आधार देऊनही त्याला नीट खोड धरत नाही. माझ्याकडचे पुढे आणलेले एक कलम असेच झुडपासारखे जमिनीलगत पसरले आहे. ज्याला खाली हात पोचेल असे बुटके झाड हवे आहे, त्याला ते चालेलही, पण निवड त्याची असावी.

एका झाडासाठी एवढा आग्रह कशाला, असे एखाद्याला वाटेल. चांगले धरलेले एक मादी झाड घराला वर्षभर पुरते, म्हणून हा आग्रह आहे. आमच्याकडे चैत्राच्या अखेरीपासून रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकू लागतात. पूर्ण लाल झालेली, पण अंगाने घट्ट असलेली फळे आम्ही सकाळी काढतो, धुतो, पुसतो आणि फोडून साली एका बाजूला आणि बियांसकट गर दुसऱ्या बाजूला करतो. गराच्या रसात, मूळ फळ किलोभर असेल तर साधारण १०० ग्रॅम या हिशेबाने, जाडे मीठ घालतो. या खाऱ्या रसात साली रात्रभर भिजत राहतात आणि सकाळी निथळून खळ्यात चटईवर उन्हात जातात. संध्याकाळी त्या पुन्हा त्याच रसात टाकायच्या. अशी पाच ते सात पुटे बसली की सोलाला, म्हणजे वाळलेल्या सालीला, तो काळसर जांभळा रंग येतो. सोल तयार झाले की नाही, हे बोटांनाच कळते: ते दुमडले तर मोडत नाही आणि दाबले तर ओल सुटत नाही. कडक वाजेपर्यंत वाळवलेले सोल आमटीत लवकर उतरत नाही आणि ओलसर भरलेले सोल श्रावणात बरणीत बुरशी धरते. पाच-सहा किलो रातांब्यांची जेमतेम किलोभर सोले होतात आणि फोडणाऱ्याची नखे महिनाभर जांभळी राहतात. एवढ्या खटपटीनंतर मिळते ते सोल आणि मी एकदा शहरात विकत घेतलेले पाकीट, यांत पुष्कळ अंतर होते. त्या पाकिटाच्या तळाशी मुठभर मीठ होते आणि पाण्यात टाकताच साली फिक्या पडल्या.

येथे भांड्याबद्दल एक सूचना करावीशी वाटते. रातांब्याचा रस अतिशय आंबट असल्यामुळे तो पितळेच्या, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात कधीही ठेवू नये. चिनीमातीची बरणी, काच किंवा स्टेनलेस स्टील हेच वापरावे.

सरबतासाठीचे अमृत कोकम आणखी सोपे आहे. फळाचे दोन भाग करून त्या वाट्यांत साखर भरायची, त्या बरणीत एकावर एक रचायच्या, तोंडाला दादरा बांधायचा आणि आठवडाभर बरणी उन्हात ठेवून रोज हलवायची. हल्ली पुष्कळजणी आरोग्याच्या काळजीपोटी यात साखर निम्म्यावर आणतात आणि मग जुलैत बरणी फसफसली म्हणून हळहळतात. साखर येथे केवळ गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून त्यात किण्व आणि बुरशी वाढू शकत नाही. हे काम तिच्याकडून व्हायचे असेल तर तयार पाकात निदान दोन तृतीयांश साखर असावी लागते. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, तेच काम मीठ करते. साखर कमी हवी असेल तर सरबत पिताना पाणी जास्त घालावे, किंवा थोडेच करून फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावे.

उरलेल्या बियाही टाकायच्या नसतात. त्या राखेत घोळून वाळवतात, फोडून आतला गर कुटतात आणि पाण्यात उकळतात. वर येणारी चरबी थंड झाली की मुठीत दाबून तिचे गोळे करतात. यालाच आमच्याकडे मुठेल म्हणतात. थंडीत भेगा पडलेल्या टाचांना ते कोमट करून लावतात. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये कोकोखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य चरबी वापरण्याची मुभा दिली, त्यांत कोकमाची चरबी आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. इतके ज्याचे मोल आहे, ते झाड लावणाऱ्याला आपण काय लावतो आहोत हे आठ वर्षांनी कळावे, हे मला फार खटकते.

महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा १९६९ पासून आहे आणि त्यांना परवाना घ्यावा लागतो. कृषी विभागाने या परवान्याच्या अटींत कोकमापुरती एक अट घालावी: पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवर आणि पावतीवर कलम की बियांचे रोप, कलम असल्यास नर की मादी, जात कोणती आणि काडी उभ्या शेंड्याची की आडव्या फांदीची, हे स्पष्ट लिहिलेले असावे. कलम बांधणाऱ्याला हे सगळे ठाऊक असतेच, त्यामुळे त्याच्यावर चिठ्ठीपलीकडे काही भार पडणार नाही. बियांची रोपे विकूच नयेत असे माझे म्हणणे नाही. ती स्वस्त असतात आणि डोंगरउतारावर पुष्कळ झाडे लावायची असतील तर उपयोगी पडतात, फक्त ती काय आहेत हे सांगून विकावीत.

अट लागू होईल तेव्हा होईल. या पावसाळ्यात जे वाचक कोकम लावणार आहेत, त्यांनी खुंटावर कलमाचा सांधा दिसतो का ते स्वतः पाहावे, परसात एकच झाड मावत असेल तर आसपास नर झाड आहे का याची शेजारी चौकशी करावी, नसल्यास मादीबरोबर एक नर कलमही न्यावे आणि पावतीवर 'मादी कलम' हे दोन शब्द विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्यावेत.

आपली,
एक वाचक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग