ताई, कॉल संपल्यावर तुम्ही थांबलात

ताई,

आभाराचा मेसेज तीनदा लिहून खोडला, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारीतला तो कॉल. अंधेरीच्या ऑफिसात रात्रीचे साडेनऊ, तुमच्याकडे न्यू जर्सीत सकाळचे अकरा, टेस्टिंगवाले जर्मनीत. "मार्चसाठी काही रिस्क?" असं विचारलं गेलं आणि मी म्हणालो, "नो इश्यूज."

रिस्क होती. आमची पेमेंटची फाईल सकाळी आठला सुटायची. तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे साडेनऊ, आणि तिथली मुदत दहाची. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे जातात, आपली जात नाहीत. मग आपल्या आठला तिकडे साडेदहा वाजणार, म्हणजे फाईल रोज अर्धा तास उशिरा.

हे मला ठाऊक होतं. तरी बोललो नाही, कारण आधी बोलून पाहिलं होतं. तुमच्याआधी जे साहेब होते, त्यांना डिसेंबरातच सांगितलं होतं. "उगाच खुसपटं काढू नकोस," एवढंच उत्तर मिळालं. त्यांच्या रिस्क रजिस्टरमधली, म्हणजे धोक्यांच्या यादीतली, प्रत्येक ओळ हिरवी असायची, म्हणजे 'सगळं ठीक'. ती हिरवी राहावी म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना गप्प बसायला शिकवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

सगळे कॉल सोडून गेले, तुम्ही थांबलात. आणि मराठीत विचारलंत, "तू मघाशी 'नो इश्यूज' म्हणायच्या आधी अडखळलास. काय होतं?"

मी गप्प. तुम्हीही गप्प. कॉलवर असं कुणी गप्प राहत नाही हो, लगेच "हॅलो, आवाज येतोय का?" सुरू होतं. तुम्ही नुसत्या थांबून राहिलात. तेवढ्यात माझी भीती गेली आणि मी सगळं सांगून टाकलं.

पुढे फाईल ठरल्या वेळी आपोआप सोडणारा शेड्युलर न्यूयॉर्कच्या वेळेवर लावला, ते काम तासाभराचं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांसमोर ते मांडायला तुम्ही मलाच लावलंत. हजारो मैलांवरून एखाद्याचं अडखळणं ज्यांना ऐकू येतं, अशा माणसांबरोबर काम करताना छातीवर दडपण राहत नाही. बारा वर्षांच्या नोकरीत हे मला पहिल्यांदा कळलं.

घड्याळं बदलल्यावरचा पहिला मंगळवार. सकाळी सात वाजता मी डोंबिवली स्टेशनवर उभा होतो. तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ. फोनवर तुमचा मेसेज आला: "पोचली रे."

गर्दीत दोन लोकल सोडल्या, ताई. डोळे भरून आले होते.