आपल्या तळ्याचा बांध, पावसाआधी बघून घ्या

सगळ्या मेंबरांना नमस्कार, येत्या रविवारी सकाळी ७ ला बांधावर या, येताना कोयता, फावडं, घमेलं आणा. बांधावरची झुडपं काढायचीत, गवत राहू द्या, ते माती धरून ठेवतं, पण झाडं नकोत कारण मुळं कुजली की आतून पोकळ वाट होते आणि पाणी तिथूनच शिरतं. घुशी-खेकड्यांची बिळं दिसली तर नुसता दगड कोंबू नका, चिकणमाती नीट ठोकून भरायची.

सांडव्यात, म्हणजे तळ्यातलं जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, कोणीतरी मासे अडवायला जाळी लावलीय ती प्लीज आजच काढा, कचरा अडकला की पाणी माथ्यावरून जातं आणि मातीचा बांध ते सहन करत नाही.

पायथ्याशी स्वच्छ पाझर असेल तर रोज लक्ष ठेवा, वाढला किंवा गढूळ झाला तर आतली माती वाहतेय, लगेच फोन करा, रात्री २ वाजले तरी करा, आणि आधी खालच्या वस्तीला उठवा. चिपळूणचं तिवरे धरण २ जुलै २०१९ ला रात्रीच फुटलं, तेही मातीचंच होतं, आणि गळतीची तक्रार गावाने आधीच केली होती.