पिंग एक सांगतं, डिग दुसरंच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीत लिनक्सवर लेख आला होता, चांगला होता, पण युजर असतात ईटीसी पासवर्ड फाइलमध्ये (/etc/passwd) आणि मशीनच्या नावाचा पत्ता सांगतं डीएनएस, म्हणजे नेटवर्कवरची नाव-पत्त्यांची डिरेक्टरी, एवढ्यावरच उरकलंय ते बघून राहवलं नाही. मी सर्व्हर सांभाळतो आणि आमच्याकडे इंटरव्ह्यूला येणारी पोरं नेमकं एवढंच पाठ करून येतात.

मी त्यांना एक साधा प्रश्न विचारतो. होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे मशीनवरच्याच नाव-पत्त्यांच्या यादीत, एका साइटसमोर दुसराच आयपी (मशीनचा आकडी पत्ता) लिहिला, आता पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघणारी कमांड) नव्या आयपीवर जातंय आणि डिग (नावाचा पत्ता विचारणारी कमांड) मात्र जुनाच दाखवतंय, का? बहुतेक जण म्हणतात कॅशे, म्हणजे आधीचं साठवलेलं उत्तर, असेल सर, रीस्टार्ट करून बघू. अरे बाबा कॅशेचा काही संबंध नाही! डिग थेट डीएनएस सर्व्हरलाच विचारतं, होस्ट्स फाइल ते बघतच नाही. पिंग विचारतं सी लायब्ररीला (बहुतेक प्रोग्रॅम वापरतात तो सामाईक कोड), आणि लायब्ररी कोणाला आधी विचारायचं ते ठरवते ईटीसीमधल्या एनएसस्विच डॉट कॉन्फ (/etc/nsswitch.conf) या फाइलवरून. तिथे होस्ट्ससमोर फाइल्स, डीएनएस असा क्रम असेल तर आधी मशीनवरची फाइल, तिथे नाव नाही सापडलं तरच डीएनएस. क्रम उलटा केलात की डीएनएसने उत्तर दिलं तर होस्ट्स फाइलला कोणी विचारत नाही.

युजरचंही तसंच. कॉलेजच्या लॅबमध्ये कुठल्याही पीसीवर बसा, तुमचं लॉगिन चालतं, पण ईटीसी पासवर्डमध्ये ग्रेप या शोधायच्या कमांडने बघितलं तर नाव सापडत नाही, कारण ते बसलंय एलडॅप सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी ठेवणाऱ्या मशीनवर, आणि एनएसस्विचमध्ये तशी ओळ आहे. अशा वेळी गेटएंट पासवर्ड (getent passwd) आणि पुढे युजरचं नाव टाका, सिस्टिमला जे दिसतं तेच तुम्हाला दिसेल. ही कमांड मला तरी कुठल्या नोट्समध्ये दिसली नाही. आणि हो, पासवर्ड फाइलमध्ये हल्ली पासवर्ड नसतोच, कोलनने तोडलेल्या सात रकान्यांत दुसऱ्या जागी नुसता एक्स असतो, खरा हॅश, म्हणजे पासवर्डचं ओळखू न येणारं रूप, शॅडो फाइलमध्ये, हेसुद्धा बऱ्याच जणांना माहीत नसतं.

हे सगळं जुनं झालं असं कोणी म्हणेल, तर २०१५ च्या जानेवारीत घोस्ट नावाचा बग गाजला तो ग्लिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीमधल्या याच नाव शोधणाऱ्या गेटहोस्टबायनेम फंक्शनमधला होता, आणि कोडमध्ये तो २००० सालापासून पडून होता. आणि आता डॉकरच्या (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) जमान्यात तर घोळ वाढलाय, अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजमध्ये, म्हणजे कंटेनरच्या साच्यात, मसल (musl) नावाची वेगळी सी लायब्ररी असते, ती एनएसस्विच वाचतच नाही, त्यामुळे उबुंटूवर नीट चालणारी गोष्ट कंटेनरमध्ये अडकते आणि माणूस तासन्‌तास त्या फाइलमध्ये बदल करत बसतो.

अभ्यासक्रम बदलणं तुमच्या हातात नाही हे कळतं. पण पुरवणीत दर आठवड्याला जो प्रश्नसंच देता त्यात कमांडचे लाँगफॉर्म विचारण्यापेक्षा हा पिंग-डिगचा प्रश्न एकदा टाका की, आणि उत्तर त्याच पानावर छापू नका, पोरांना मशीनवर बसून शोधू द्या.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर